धार दिसते तोवर

अंबरनाथ (पूर्व)
२ मार्च २०२६

चि. अस्मितास,
मामाचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

पत्रास कारण एकच. काल तलावावर बोटीची मोटार जळली.

शर्यतीचा सराव छान चालला होता, रिमोटवरची बोट सुसाट होती. मग बांधावरची सगळी मंडळी एकदम माझ्या बोटीकडे बघायला लागली, तेव्हा मला कळलं. कारखान्यातल्या घणांनी माझे कान नेले. मोटार गाते की रडते, मला ऐकू येत नाही. माझी सगळी मदार त्या कडेच्या धारेवर. बोटीमागच्या रडरला, म्हणजे सुकाणूला, जे भोक आहे, त्यातून पाणी आत शिरतं, नळीने मोटारीभोवती फिरतं आणि कुशीतून बारीक धार होऊन बाहेर पडतं. धार दिसते तोवर मोटार जिवंत. काल ती कधी तुटली, उडणाऱ्या तुषारांत दिसलंच नाही.

आता खरं सांगतो, तुझ्या आईला सांगू नकोस. डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताचा कंप वाढतच जाणार. पुढच्या वर्षी रिमोट धरवणार नाही. इतकी वर्षं बोटी पळवल्या, पण अंतिम शर्यत एकदाही पुरी केली नाही. बावीस तारखेची शेवटची. ती तरी पुरी होऊ दे गं. रडर तू बनवलास, भोक तू चुकीच्या जागी पाडलंस. काय ते बघ.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
नरेंद्रमामा

कात्रप, बदलापूर
५ मार्च २०२६

ती. नरेंद्रमामास,
अस्मिताचा कडक जयभीम.

पत्र आईच्याच हाती द्यायचं आणि आत लिहायचं की आईला सांगू नकोस! धन्य आहेस बाबा. तिने ते रिक्षातच वाचलं. घरी येऊन जेवली नाही. भावाचा हात थरथरतो आणि बहिणीला सगळ्यात शेवटी कळतं, एवढंच म्हणत राहिली. मीही घाबरलेय मामा. पण घाबरले की मला फक्त भांडता येतं, म्हणून भांडते.

नाचता येईना अंगण वाकडं! आधी भोक खालीच होतं ना? चामटोलीच्या खाणीच्या डबक्यात त्यात शेवाळ अडकायचं, आणि तू टाचणीने उकरत माझा उद्धार करायचास. म्हणून उल्हासनगरला मुकेशशेठच्या वर्कशॉपमध्ये, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, मी नवा रडर काढला आणि भोक वर घेतलं. पाण्याची रेघ आपण दोघांनी मिळून मारली, तुझ्याच ड्रममध्ये बोट सोडून. भोक त्या रेघेच्या अंगठाभर खाली आहे. गच्चीवर मोटार चालवली तेव्हा धार थेट तुझ्या लुंगीवर गेली, विसरलास?

भोक बरोबर आहे. मोटारच फालतू असणार. दुसरी टाकून फुल्ल स्पीडला पळव, आणि शेजारच्या नाथाला फोनवर शूटिंग करून मला पाठवायला सांग.

लोभ आहेच. रागाखाली दबलाय, उकरून घे.
तुझी,
अस्मिता

अंबरनाथ (पूर्व)
९ मार्च २०२६

चि. अस्मितास,
जयभीम.

दुसरीही गेली. ड्रममध्ये धार जोरात, तलावावर हळू चालवली तरी जोरात. पूर्ण वेग दिला आणि संपलं. बोट काठाला ओढून आणली तेव्हा वास आला. आता पेटीत एकच मोटार उरली आहे.

नाथा शूटिंग पाठवेल. मी बांधावर बसूनच राहिलो. तो बिचारा चहा घेऊन आला. माणसं म्हणत असतील, म्हातारा खेळण्यातल्या बोटीपायी रडतो. रडू दे. तुझी मामी गेली, कान गेले, आता हात चालला. पाण्यावर ती बोट अजून माझं ऐकते. तेवढंच उरलंय, आणि तेही डोळ्यांदेखत जळतंय. मला काही सुचत नाही पोरी. काय करू ते सांग.

अक्षर वाचवतं का? नसेल वाचवत तर आईला विचार, तिला माझी शाळेतली पाटी वाचायची सवय आहे.
तुझाच,
नरेंद्रमामा

कात्रप, बदलापूर
१५ मार्च २०२६

ती. नरेंद्रमामास,
सप्रेम जयभीम.

मामा, सापडलं! नाथाचं शूटिंग मी अगदी सावकाश करून पुन्हा पुन्हा पाहिलं. वेग घेतला की बोट पाण्यावर चढते, मागचा भाग वर उचलला जातो आणि रडरचा वरचा अर्धा भाग चक्क उघडा पडतो. आपलं भोक तिथेच. खाली पंख्याने उडवलेला फेस आणि वर मोकळी हवा. मोटारीला पाणी जातच नव्हतं, ती हवा पीत होती. आपण रेघ मारली ती बोट ड्रममध्ये निवांत बसलेली असताना. म्हणजे बसलेल्या माणसाचं माप घेऊन त्याला पँट शिवली! शेवाळाची धास्ती आपल्या डबक्याची, आणि शर्यत तिकडे स्वच्छ तलावात. तुझं खरं निघालं, भोक चुकलं. आता माझ्यावर दोन दिवस खूश राहा.

भोक खाली हवं, रडरच्या टोकापासून थोडंसंच वर, आणि बरोब्बर पुढच्या कडेवर, म्हणजे वेगाने येणारं पाणी सरळ आत घुसेल. रडरचं नवं पातं आईबरोबर पाठवतेय. आतली उभी नळी मी मशीनवर पाडलीय. समोरचं भोक मात्र पातं बोटीला लावून, खूण करून, तिथेच पाडावं लागेल. जास्तीचा तुकडा नाही. मुकेशशेठना दुसरा मागितला तर म्हणाले, बेटा, चेटीचंड के बाद. शुक्रवारी त्यांच्या सिंधी नववर्षाला शटर बंद, रविवारी शर्यत.

तुझ्या हाताला जमेल का, हे विचारायला जीभ रेटत नाही. पण विचारते.
तुझी,
अस्मिता

अंबरनाथ (पूर्व)
१८ मार्च २०२६

अस्मिता,

खूण केली. ड्रिल टेकवलं आणि हात उडाला. पात्यावर ओरखडा पडला, बिट मोडलं. उभा जन्म कारखान्यात, वाइसमध्ये लोखंड पकडून घासण्यात गेला माझा, आणि एक भोक पाडता येईना. पुन्हा हात लावायची हिंमत नाही. पातं फुकट गेलं तर सगळंच गेलं.

शुक्रवारी सुट्टी आहे ना तुला? ये. बाकी काही लिहवत नाही.

मामा

अंबरनाथ (पूर्व)
२४ मार्च २०२६

चि. अस्मितास,
मामाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

अक्षर तुझ्या आईचं आहे, घाबरू नकोस. शब्द माझे. शर्यतीपासून पेन धरवत नाही. (मी आजवर पोस्टमन होते, आता कारकून झाले. आणि हा माणूस इतक्या मोठ्याने सांगतो की सगळी चाळ ऐकतेय. – आई)

शुक्रवारी तू ड्रिल धरलंस आणि मी तुझं मनगट धरलं. खरं तर धरलं नव्हतं, नुसतं टेकवलं होतं. तू एकदाही वर पाहिलं नाहीस, ते बरं झालं. माझे डोळे भरले होते.

रविवारी तू शेजारी उभी होतीस, खांद्यावर हात ठेवून. आवाज बदलला तर दाबायचं ठरलं होतं. तू शेवटपर्यंत दाबलं नाहीस. मलाही धार दिसत होती, पांढरी, सरळ, वळणावरही न तुटणारी. शेवटच्या फेरीत शेवटच्या बोयाला, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेला, वळवायला गेलो आणि बोटं आखडली. मेंदू सांगतोय वळव, हात ऐकेना. बोट सरळ जाऊन बांधावर आपटली. फुटली. शर्यत याही वेळी पुरी झाली नाही.

तू मला मिठी मारलीस. बोट फुटली म्हणून मी रडतोय असं तुला वाटलं. नाही गं. झाकण काढून मी मोटारीवर हात ठेवला होता. माठासारखी गार होती. या बोटी पळवायला लागल्यापासून शर्यतीनंतर मला मोटारीला हात लावता आला, तो पहिल्यांदा. आपलं भोक बरोबर जागी होतं. चुकला तो हात. आणि हात आता सुधारणार नाही.

म्हणून आईबरोबर रिमोट पाठवतोय. (मी नको म्हटलं, तर ओरडला. – आई) परत आणू नकोस. बोट मी नाथाकडून चिकटवून घेतो, वाकडीतिकडी झाली तरी पाण्यावर राहील. तू उद्यापासून वळणं शिक. धारेकडे बघायचं नाही, नजर बोयावर ठेवायची. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहीन. हात थरथरेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. धार तुटली तर खांदा दाबेन, आणि दाबणं वेगळं असतं, तुला कळेल.

लोभ आता तुझ्या हाती दिलाय, तो वळणावर सोडू नकोस.

खालची सही मी स्वतः करतोय. तुझी आई म्हणते, नको, राहू दे. पण करतो.

न रें द्र मा मा