ओल्या नऊवारीचं वजन

८ जुलै, मंगळवार

"चिकटली पाहिजे!" — यज्ञेश्वर आज पुन्हा. साडी भिजली की रतनच्या अंगाला चिकटली पाहिजे म्हणे. "ती भिजलीय हे लोकांना कळायला नको का, पूर्णिमा?"

अरे, कळायला तिचे पाय जड व्हायला हवेत! आमच्या व्हिडिओ गेमची नायिका रतन तलवार घेऊन राक्षसामागे नदीत उतरते, गाण्यात नाचायला नाही. जादू आहे, राक्षस उडतात, सगळं मान्य. पण सुती नऊवारी भिजली की ती ओल्या नऊवारीसारखीच वागणार. पाणी काठापासून वर कसं चढतं, पावलं आखूड का होतात, काष्ट्याच्या घड्या सगळ्यात शेवटी का वाळतात — आठ महिने हेच करतेय. कंपनीत बाकीचे राक्षस करतात, मी साडी करते.

२५ तारखेला पैसे घालणारे लोक गेम बघायला येणार. तोवर माझं ओल्या साडीचं वजन नीट चाललं नाही तर यज्ञेश्वरचं 'चिकट' गेममध्ये जाणार. मालक तो आहे.

९ जुलै

यज्ञेश्वरला पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

१२ जुलै, शनिवार

नऊवारी बादलीत बुडवून काढली, नेसले आणि बाथरूमपासून गॅलरीपर्यंत चालले. मोबाइल कपाटावर ठेवून शूटिंग. ओली साडी नेसणं म्हणजे शिक्षा आहे. जया — माझी फ्लॅटमेट, अमरावतीची — दारात उभी. "काय करून राहिली वं तू?" म्हटलं, ऑफिसचं काम. "अन् याचा पगार देतात तुले?" मग सगळी फरशी मलाच पुसायला लावली. वर टँकरच्या पाण्यावरून भाषण.

पण चालताना फटक-फटक आवाज येतो, आणि साडी मागे ओढते. आणि हो, चिकटते. पोटरीला! यज्ञेश्वरला फोन करून सांगितलं. "पोटरी कोण बघतं?"

फोन आपटायचे दिवस गेले याचं वाईट वाटलं.

१५ जुलै

वजन चालू झालं! रतन नदीत उतरली आणि थेट तळाला गेली.

"वा," यज्ञेश्वर म्हणाला. "आता राक्षसाची गरजच नाही."

१७ जुलै, गुरुवार

वजन कमी केलं, आता ती बुडत नाही. धम्मदीपने — टेस्टिंग तो बघतो — बाहेरची दहा-बारा मुलंमुली खेळायला बसवली. पहिल्या वेळी सगळ्यांची रतन भिजली, मंदावली, राक्षसाने मारली. इथवर माझ्या मनासारखं.

दुसऱ्या वेळी सगळ्यांनी काठावर थांबून तिची साडी काढली! घडी करून पिशवीत. नुसत्या आतल्या कपड्यांवर नदी पार, पलीकडे जाऊन पुन्हा साडी. एकमेकांना न विचारता! एकालाही वेगळं सुचू नये?

धम्मदीप हसू दाबत होता. "लॉजिक बरोबर आहे त्यांचं, मॅडम. भिजलं की मरायचं, मग भिजवायची कशाला?" नदीपाशी साडी काढता येणारच नाही असं करू, म्हणाला. म्हणजे पुन्हा मरणारच.

यज्ञेश्वरने ओरडायला हवं होतं, पण तो शांतपणे म्हणाला, "आठ महिने घालवून तू तिला साडी काढायला लावलीस. माझी निदान तिच्या अंगावर तरी होती." मंगळवारपर्यंत मुदत.

जिन्यात जाऊन रडले. रागाने, पण रडलेच.

२० जुलै

काही सुचत नाही. जया म्हणते, "जीन्स घाल ना तिले." सगळेच शहाणे!

२१ जुलै, सोमवार

हिंजवडीत रस्त्यावर गुडघाभर पाणी. कंपनीची बस पुढे जाईना, सगळे खाली उतरलो. मी आपली एका पायावर उभी राहून जीन्स दुमडतेय, बॅग सांभाळतेय, सरकारला शिव्या घालतेय. शेजारून एक बाई आल्या. पातळ नेसलेल्या, हातात डबा. थांबल्याही नाहीत. एका हाताने साडी वर ओढली, कमरेला खोचली आणि गेल्या पुढे.

मी त्या घाण पाण्यात तशीच उभी.

खोचायची! पाणी दिसलं की कुठलीही बाई साडी वर खोचते! आठ महिने पाण्याचा थेंब न् थेंब मोजला आणि रतनला खोचायचं बटणच दिलं नाही. नेसून भीज, नाहीतर काढ — मधलं काही नाहीच. काखेत कळसा! घरचं शूटिंग पुन्हा पाहिलं. बाथरूमचा उंबरा ओलांडताना मी स्वतःच डाव्या हाताने साडी उचललीय. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

२२ जुलै

बटण घातलं. रतन काष्टा वर ओढून खोचते, गुडघ्यापर्यंत पाणी असेल तर नुसता काठ भिजतो. खोल पाण्यात मात्र भिजायचंच. त्यामुळे आता नदीला उथळ उतार कुठे आहे ते शोधत काठाकाठाने फिरावं लागतं. धम्मदीपने तीच मुलं पुन्हा बसवली. कोणी साडी काढली नाही.

मग यज्ञेश्वर बसला. नदी ओलांडली. परत आला. पुन्हा ओलांडली. राक्षसाकडे बघितलंसुद्धा नाही. मग उठून चहाला गेला.

'बरं' एवढंही नाही! या माणसाला तोंड कशाला दिलंय?

२५ जुलै, शुक्रवार

लोक येऊन गेले. त्यांच्यातली एक बाई उतार शोधण्यात इतकी रमली की जेवण थंड झालं. पलीकडे पोचल्यावर तिने रतनचा पदर पिळून तिला शेकोटीपाशी बसवलं आणि स्वतःशीच हसली. मी बघत होते. 'चिकट' यज्ञेश्वरने दाखवलंच नाही. का, ते विचारलं नाही — सांगितलं असतं थोडंच!

उद्या कळवतात.

२६ जुलै

त्यांना गेम हवाय. साडी नकोय. बाहेरच्या देशांत चालत नाही, नायिकेला चामड्याचं चिलखत घाला म्हणे.

यज्ञेश्वरने नाही म्हणून कळवलं. कोणाला न विचारता. पुढच्या महिन्यापासून पगाराचा भरवसा नाही, ज्याला जायचं त्याने जावं, म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी लवकर जायला हवं. काष्टा अजून फार पटकन वाळतो.