मेजरची जखम

१४ जून, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही इथे ठीक आहोत. तू कसा आहेस ते विचारत नाही. वहिनीचा दर आठवड्याला फोन येतो आणि मागे तू खाकरलास की मला ऐकू येतं. फोनवर येत नाहीस, म्हणून पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही.

आधी बातम्या. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. जेवणाच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय मी दुरुस्त करून घेतला, आणि त्याच टेबलावर आपला खेळ पुन्हा सुरू केला. तोच नकाशा, तोच वीस बाजूंचा फासा. गोष्ट पूर्वीसारखी मीच सांगते आणि बाकीचे आपापलं पात्र होऊन त्यात शिरतात. शेजारचे प्राध्यापक अजून बुटका लोहारच आहेत. आता शिंकतातही लोहारासारखे. आपला धाकटा पुन्हा वैद्य झालाय.

तुझी खुर्ची रिकामी असते.

तू भांडलास तो रविवार मला आठवतो. ड्रॅगन, जादूगार, तलवारी, असं खेळातलं आपलं राज्य. तू म्हणालास, "माझा तलवारबाज चार वेळा मेला. मला आता मेजर हवा. आजच्या काळातला. रायफल, दुर्बीण, सगळं घेऊन."

मी तासभर बोलले. या राज्यात ज्याला मारायचं त्याच्याजवळ जावं लागतं, तलवारीच्या लांबीइतकं जवळ, त्याचा श्वास ऐकू येईल इतकं. ते अंतर काढून घेतलंस तर उरेल ती नुसती नेमबाजी. तू जांभई दिलीस. "वकीलबाई, भाषण छान झालं. आता नियम लिहा." प्राध्यापक हसले. धाकटाही हसला. त्याचं हसणं मला झोंबलं.

नियम मी लिहिले. लायब्ररीतून युद्धावरची चार जाडजूड पुस्तकं आणली. पल्ला, वारा, गोळ्या भरायला लागणारा वेळ, काही सोडलं नाही. पुढच्या रविवारी तुझ्या मेजरने चारशे पावलांवरून एका फाशात ड्रॅगन पाडला. त्याच्या गुहेकडे आपण दोन वर्षं चाललो होतो. ड्रॅगनच्या तोंडचं भाषण मी आठवडाभर लिहीत होते. त्याला तोंडही उघडता आलं नाही.

धाकट्याने त्याच वेळी आपल्या वैद्याची माहिती लिहिलेलं पान बाजूला सारलं. "ताई, मलापण सैनिक दे."

टेबलावरचा सैनिक त्याला पुरला नाही. वर्षभरात तो खऱ्या भरतीला निघाला. तू त्याला स्कूटरवरून सोडायला गेलास आणि सगळ्यांदेखत "चला मेजर" अशी हाक मारलीस. तो परत आला त्याला आता चौदा महिने झाले. उजव्या हाताची तीन बोटं तिकडेच राहिली. चौदा महिन्यांत तू एकदाही या घराची पायरी चढला नाहीस. वहिनी म्हणते, "त्यांना बघवत नाही हो." त्याला बघावं लागतं, दादा. रोज, शर्टाची बटणं लावताना.

मला तुझ्यावर सूड उगवायचा आहे. दुसऱ्या कुठल्याही शब्दात ते बसत नाही.

आधी ठरवलं होतं, मेजरला मारायचं. तुला गोड बोलून बोलवायचं, पुलावर न्यायचं आणि चारशे पावलांवरून कुणीतरी एकच गोळी झाडायची. तुला तोंड उघडायला वेळ द्यायचा नाही. हा बेत मी धाकट्याला सांगितला. त्याने माझे जुने नियम मागितले आणि पाठपोट दोन्ही पानं वाचली.

"ताई, यात जखमी कुठाय?"

"म्हणजे?"

"तलवार लागली की वैद्याकडे न्यायचं, असं लिहिलंयस. गोळीचं दोनच लिहिलंयस. लागली तर मेला, नाहीतर चुकली. मग माझा वैद्य करणार काय होता?"

चार पुस्तकं वाचून लिहिलं होतं मी ते.

इथपर्यंत आले आहे तर पुढचंही लिहिते. भरतीच्या आदल्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला होता. म्हणाला, "ताई, जाऊ ना?" कुठल्याही व्यासपीठावर कागद न धरता तासभर बोलणारी मी, ताटं पुसत "तुझं तू बघ" म्हणाले. ड्रॅगनचा राग होता मला. तो हसला होता, त्याचा राग होता. तो दाराशी बराच वेळ उभा राहिला. माझ्या भाषणाची वाट बघत होता, ते मला कळत होतं. मी पुसलेलीच ताटं पुन्हा पुसली.

म्हणून बेत बदलला आहे. मेजर मरणार नाही. मरून सुटण्याची सोय मी नियमातून काढून टाकली. सोबत त्याचं नवं पान आहे. उजव्या हाताला गोळी लागली आहे, रायफल पेलणार नाही. फासा तुला डाव्या हाताने टाकावा लागेल. दर रविवारी पट्टी बदलायची, आणि त्यासाठी वैद्याकडे तोंडाने मागणी करायची, त्याच्याकडे बघून. उठून गेलास तर पुढच्या रविवारी जखम तिथेच असेल.

एक नियम माझ्यासाठीही घातला आहे. गोष्ट सांगणाऱ्याला कुणी "जाऊ का" विचारलं, तर त्याने उत्तर द्यायचंच.

आता पाकीट हातात घे आणि पत्ता नीट बघ. पहिलीतल्या मुलाने काढावं तसं अक्षर आहे, तुझं नाव दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय. पोस्टमनला वाचता आलं, तुला बहुधा ओळखू आलं नसेल. मी लिहू का म्हटलं, तर धाकटा म्हणाला, "दादाचा पत्ता मी लिहितो."

खुर्ची रविवारी चार वाजता लावून ठेवते.

राग अजून न गेलेली,
तुझी वकीलबाई