तळ्याकाठची मधली खुर्ची

लडाख, रविवार

ती. अव्वास,

गुरूचा पाया पडून नमस्कार. मी हितं मजेत आहे. टॉवरच्या ड्युटीवरचा जोडीदार महिनाभर सुट्टीवर गेलाय, पण काळजी करू नकोस, रेडिओ असतो सोबतीला. अप्पांचा गुडघा कसा आहे? शेंगाचटणी अजून पुरवून खातोय.

तुझं पाकीट काल मिळालं. फिरून काढलेले फोटो मी वेबसाइटवर टाकतो, ते दादाची शिवानी तुला मोबाइलवर दाखवते, हे ठाऊक होतं. पण त्यातला बर्फातल्या तळ्याचा फोटो घेऊन तू मैंदर्गीच्या स्टुडिओत जाशील आणि स्वतःला नि अप्पांना त्या बर्फात बसवून घेशील, हे काय सुचलं नव्हतं बघ! अप्पा धोतरात, तू इरकली लुगड्यात, दोघांच्या पायांत चपला. लई हसलो. मग फोटो नीट बघितला.

तुमच्या मधली खुर्ची रिकामी होती. फोटोच्या मागं शिवानीनं लिहिलंय, "आजी म्हनली, सगळे डोंगर दिसत्यात, गुरू तेवढा कुटंच दिसंना. त्याचा फोटो आला की हितं बसवा."

अव्वा, फोटो काढणारा फोटोत कसा येणार? तरी आज कॅमेऱ्याला टायमर लावला, पळत जाऊन डब्यावर बसलो. तो फोटो सोबत धाडलाय. दोन्ही हात हवेत पसरलेले दिसतील, हसू नकोस. स्टुडिओवाल्याला तेवढं सांग, हात कापू नको म्हणावं. ते तुमच्या खांद्यांवर ठेवायचे आहेत.

तुझा,
गुरू