दहा कोसांतली मोटार

मी लखमीचंद वल्द रूपचंद छाजेड, वय वर्षे अडुसष्ट, धंदा कापसाचा, राहणार मालेगाव, तालुका वाशिम, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही आणि पावसाळा दिसेलच असं सांगता येत नाही, असं वाशिमचे डॉक्टर म्हणतात, म्हणून ही घाई. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून हे लिहवून घेतलेलं नाही. उलट वकिलांनी निम्मा मजकूर गाळा म्हणून सांगितलं होतं. तो मी गाळलेला नाही. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

माझी पत्नी कंचनबाई चार वर्षांपूर्वी वारली. एकुलती मुलगी हीरा तिच्याही आधी, सन १९३९ साली गेली. हीराची मुलगी बदाम, वय तेरा, बाळापूरला तिच्या वडिलांपाशी, म्हणजे माझे जावई उत्तमचंदजी यांच्यापाशी असते. माझ्या पोटचं म्हणावं असं आता तेवढंच माणूस उरलं आहे.

कलम पहिले. बाजारातलं दुकान, तराजू, गाद्या-तक्के हे सर्व माझा पुतण्या फत्तेचंद याने घ्यावं. पंधरा वर्षं त्याने इमानाने काम केलं. मोटारीकडे मात्र त्याने बघू नये. दर दिवाळीला तो तिच्या पितळेला मोडीत काय येईल याची चौकशी करतो, हे मला ठाऊक आहे. मी मेल्यावरही मला ऐकू येईल असं धरून वागावं.

कलम दुसरे. मालेगावचं राहतं घर, त्यातली भांडीकुंडी आणि कंचनबाईचे दागिने बदामला द्यावेत. हे घर मी तिला देतो आहे आणि तिला या घरी पाऊल टाकता येत नाही. त्याचं कारण पुढे येईल. वकील म्हणाले, मृत्युपत्रात कारणं लिहीत नसतात. मी म्हणालो, कारणासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

कलम तिसरे. मोटार फोर्ड कंपनीची, सन १९१४ ची, उघडी, कापडी टपाची, पुढचं तोंड आणि दोन्ही दिवे पितळेचे. सन १९२२ साली वाशिमच्या एका जिनातला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातला, गोरा इंजिनियर विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्याकडून घेतली. तेव्हाच ती म्हातारी होती. तीही बदामची.

मोटार घेतली तेव्हा गावाला वाटलं, लखमीचंद आता अकोल्याला झपाट्याने जाऊन सौदे मारणार. पण ती मोटार मी कामाला कधी जुंपलीच नाही. दर रविवारी मी, कंचनबाई, मागच्या सीटवर हीरा आणि पायरीवर आमचा सालदार पुंजाजी असे निघायचो. पक्की सडक सोडून मुद्दाम शिरपूरच्या बाजूच्या पांदणींनी जायचो. हँडल मारायचं काम पुंजाजीचं. दोन्ही बाजूंना तूर उभी, मध्ये चाकोऱ्या, बोरीच्या फांद्या टपाला घासायच्या. बैलगाडी पुढे असली तर आम्ही तिच्यामागेच राहायचो. मोटार जवळून गेली की बैल बुजतात आणि धूळ गाडीवानाच्या भाकरीवर जाते. मुंग्यांची रांग पांदण ओलांडत असली की कंचनबाई हात वर करायची. मोटार थांबायची. मुंग्या गेल्या की आम्ही जायचो. ओढ्यावर मोटारीत पाणी घालायचं तेसुद्धा ती पातळाच्या दुहेरी फडक्यातून गाळून द्यायची. "मोटार पेते म्हून काय झालं? पान्यात जीव हाये," असं म्हणायची. चातुर्मासात मोटार बंद. एरवीही सूर्य मावळायच्या आत घरी येऊन जेवायचं, म्हणून लांबचा पल्ला कधी नसेच. अशा रीतीने सहा मैल जायला आम्हाला अर्धा दिवस लागे. माझ्या आयुष्यात त्यापेक्षा चांगलं मी काही केलेलं नाही.

मेडशीच्या पुढे घाट आहे. टाकीत पेट्रोल कमी असलं की सरळ चढावर ते इंजिनापर्यंत पोचत नसे. मग मोटार फिरवायची आणि मागे मागे चढवायची. मागच्या सीटवर हीरा, त्यामुळे घाटमाथ्यावर सगळ्यांच्या आधी तीच पोचे. "बाबा, मी पयली!" म्हणून ओरडे. पुढे पुढे मी टाकी मुद्दाम अर्धी ठेवू लागलो.

बदाम, मोटार चालवायला माणूस ठेवशील तर त्याला इतकं सांग: ताशी पंधरा मैलांच्या वर नेऊ नको. भोंगा गावात शिरताना एकदाच वाजवायचा. कोणी म्हातारी वाटेवर दिसली तर तिला बसवून घ्यायचं, तिला कुठे जायचं आहे ते मागाहून विचारायचं.

कलम चौथे. जावई उत्तमचंदजी यांना मी काही ठेवलेलं नाही. माझं काही घ्यावं असा मी त्यांच्याशी वागलोच नाही. आमच्यात काय झालं ते लिहितो. सन १९३१ साली हीराच्या लग्नात नवरदेवाला वेशीपासून मोटारीतून आणायचं मी ठरवलं होतं. दोन दिवस पितळ घासलं. मोटार वेशीतच बंद पडली. पुंजाजीने हँडल मारमारून हात सुजवून घेतले. तेव्हा उत्तमचंदजींनी एक बैलजोडी मागवली, मोटारीला जुंपली आणि स्वतःच्या गळ्यातला हार धवळ्या बैलाला घातला. मांडवाशी उतरताना सगळ्यांदेखत म्हणाले, "मामाजी, तुमची मोटार लय शिस्तीची हाये. मोठ्यायले पुढं घातल्याबिगर निंघतच नाई." दोनशे माणसं हसली. मांडवाच्या दारात घुंघटाआड हीराही हसली.

आज लिहिताना मलाही हसू येतं. तेव्हा आलं नाही. हीरा हसली ते मला फार लागलं. उत्तमचंदजी दर संवत्सरीनंतर आपल्या रीतीप्रमाणे क्षमा मागणारं पत्र पाठवत आले. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. त्यांचा त्यात काही गुन्हा नव्हता, हे मी इथे लिहून देतो.

कलम पाचवे. आमच्या जैन धर्मात श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या, बारा व्रतांमध्ये दिशांचं एक व्रत आहे. अमुक इतक्या कोसांपलीकडे कोणत्याच दिशेला जन्मभर जाणार नाही, अशी मर्यादा माणूस घालून घेतो. हाव कमी व्हावी, हिंसा कमी व्हावी, हा त्यातला हेतू. लग्नानंतरच्या चातुर्मासात शिरपूरला महाराजांपुढे उभं राहून मी ते व्रत घेतलं. दहा कोस. वाशिम आत, शिरपूर आत, पातूर आत. मंगरूळपीरचा कापूस हातचा गेला, तर लोक म्हणाले, केवढा त्याग! बाळापूर अठरा कोस आहे, हे त्या गर्दीत कोणी मोजलं नाही. कंचनबाईने मोजलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुमी दिशा नाई सोडल्या. पोरगी सोडली."

हीराला यातलं काही कळलं नाही. ती दिवाळीला यायची, मोटारीतून पांदणीने फिरायची. मी तिच्या घरी जात नाही याचं तिला वाईट वाटायचं नाही, उलट ती सासरी अभिमानाने सांगायची. "बाबा, तुमचं व्रत हाये, तुमी नका येऊ. मी येत जाईन न!" असं म्हणायची. मी मान डोलवायचो.

सन १९३९ च्या डिसेंबरात एके सकाळी बाळापूरहून माणूस आला. हीराला बाळंतज्वर होता, मूल वाचलं नव्हतं, आणि ती आई-बाबांना बोलावत होती. आम्ही तसेच निघालो. आयुष्यात तेवढा एकदाच मी ती मोटार भरधाव सोडली. कंचनबाईने एकदाही हात वर केला नाही. पातूरच्या पुढे ओढा उतरला की मैलाचा एक दगड लागतो. तिथे माझे दहा कोस संपतात. दगड दिसला आणि मी मोटार थांबवली.

पुंजाजी म्हणाला, "मालक, काहून थांबले?"

मी म्हणालो, "दहा कोस झाले."

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "पोरगी बलावून राह्यली तिकडं. थे व्रत तुमी देवापुढं घेतलं का जावयापुढं?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. सतरा वर्षांत त्याच्यावर हात उचलला नव्हता.  कंचनबाई उतरली आणि चालू लागली. पुंजाजी गाल धरून तिच्यामागे गेला. त्याला मोटार चालवता येत नव्हती. मी कोणाला शिकवलीच नव्हती. पुढे त्यांना कापसाची एक बैलगाडी मिळाली. ती दिवेलागणीला बाळापूरला पोचली. हीरा चार वाजता गेली होती. मोटार दुपारी बारापर्यंत पोचली असती. दिवसभर तिने भोंगा वाजला का म्हणून विचारलं, असं उत्तमचंदजींनी कंचनबाईला सांगितलं. त्यांनी मला दोष दिला नाही. ते म्हणाले, मामाजींचं व्रत होतं.

मी दगडापाशी बसून होतो. धर्मासाठी थांबलो, असं मी स्वतःला समजावलं. खरं असं आहे की तो दगड ओलांडला असता तर व्रत रागापोटी घेतलं होतं, हे चारचौघांत कबूल झालं असतं. माझ्या मुलीच्या जिवापेक्षा मला ते जड वाटलं. आता मी तो दगड ओलांडत नाही, कारण ज्या दिवशी ओलांडायचा होता तो दिवस गेला. पुंजाजीची मी त्याच आठवड्यात माफी मागितली. कंचनबाईची मागायची राहिली. ती नंतर तीन वर्षं होती, पण मोटारीत बसली नाही. मीही त्यानंतर पांदणीला गेलो नाही.

कलम सहावे. मुलीच्या मरणालाही व्रत मोडलं नाही, म्हणून आमच्या समाजाने उपाश्रयात, म्हणजे महाराज उतरतात त्या जागी, माझ्या नावाची संगमरवरी पाटी लावायचं ठरवलं आहे. ती लावू नये. कोरून झाली असेल तर कोणाच्या तरी न्हाणीत कपडे धुवायला द्यावी.

कलम सातवे. गेल्या पर्युषणानंतर बदामचं पत्र आलं. ते असं: "नानाजी, आई नेहमी तुमच्या व्रताचं सांगायची. मीपण महाराजांपाशी दहा कोसांचं व्रत घेतलं. बाबा नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. आता आपण दोघं सारखे." बाळापूरपासून दहा कोस. मालेगाव अठरा. आईच्या माहेरी ती आता जन्मात येऊ शकत नाही. तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू आहे आणि दहा कोसांबाहेरचं प्रत्येक स्थळ ती परत पाठवते. तेरा वर्षांच्या पोरीभोवती मी कुंपण घातलं, आणि तिला वाटतं ती माझ्या पावलावर पाऊल टाकते आहे.

मी तीन वेळा खरं काय ते पत्रात लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं. जिवंतपणी तिच्या नजरेला नजर द्यायची माझी छाती नाही. हा भ्याडपणा आहे, तोही मिळकतीबरोबर लिहून ठेवतो.

या माघात शिरपूरला जाऊन एका वृद्ध महाराजांना मी सगळं सांगितलं. विचारलं, त्या दिवशी दगड ओलांडला असता तर प्रायश्चित्त काय होतं?  ते म्हणाले, "आजारी मुलीसाठी गेला असता, तर चूक कबूल करून दोन उपवास."

दोन उपवास. मी दर पर्युषणात आठ करतो.

म्हणून माझी इच्छा अशी की मी गेल्यावर दहा दिवसांच्या आत हे मृत्युपत्र बाळापूरला न्यावं आणि उत्तमचंदजींनी ते बदामला स्वतः वाचून दाखवावं. एक अक्षर गाळू नये. ती आली नाही तरी घर आणि मोटार तिचीच आहे. तिला अट घालायचा हक्क मला नाही.

बदाम, तुझी आई वाट बघत मेली आणि मी एका तासाच्या अंतरावर दगडाला टेकून बसलो होतो. व्रत खोटं नसतं, मी खोटा होतो. तू तुझ्या मनाने घेतलं असशील तर पाळ. माझ्याकडे बघून घेतलं असशील तर दोन उपवास कर आणि ये.

सही: लखमीचंद रूपचंद छाजेड
मुक्काम मालेगाव, ता. ११ मार्च १९४६

साक्षीदार पहिला: मदनसिंग उदयसिंग, शाळामास्तर, मालेगाव. मजकूर मला वाचायला दिला होता. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: पुंजाजी जगदेव, सालदार. याला मला शिरपूर वाटेवरचं चार एकर वावर द्यायचं होतं. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचा वाटा जातो, हे वकिलांनी त्याला समजावलं. मी बक्षीसपत्र करून आजच देतो म्हटलं, तेही त्याने घेतलं नाही; लोक म्हणतील साक्ष विकत घेतली. त्याचं म्हणणं मदनसिंग मास्तरांनी त्याच्याच शब्दांत उतरवलं, ते असं:

"मले वावर नको. मालकानं सही केली, म्या पाह्यली. बदामबाई इचारन का नाना खरंच थांबले होते का, तं तिले सांगाले कोनी पाह्यजे. दगडापाशी तिसरं मानूस मीच होतो."

डाव्या हाताचा अंगठा, पुंजाजी जगदेव.