एकच मत पडलं तर

करंजखोरे, ता. आंबेगाव
३ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
रत्नाचा जयभीम. वि. वि.

आपल्या गावात मतदान केंद्र लागणारच, हे काल मंडल अधिकारी स्वतः येऊन सांगून गेले. गाव येवो न येवो, वीस तारखेला सकाळी सातला शाळेत यंत्र सुरू होईल, आणि बीएलओ म्हणून, मतदार यादी घेऊन, मी दारात टेबल टाकून बसायचं. अंगणवाडीच्या बाईला हे काम असतंच, त्याचं काही नाही. पण ते गेले आणि संध्याकाळी चावडीवर सभा झाली. विधानसभेला गावातून एकही मत टाकायचं नाही, असं ठरलं.

रेंज फक्त खिंडीत येते, आणि तिथं बोललेलं चारजण ऐकतात. म्हणून फोन न करता लिहिते आहे.

बहिष्कार ओढ्यावरच्या पुलासाठी आहे. गेल्या श्रावणात सयाजीअण्णांची सून अश्विनी ओढ्याच्या काठावरच बाळंत झाली, ते तुला माहीत आहे. रुग्णवाहिका पलीकडे उभी होती आणि पाणी उतरत नव्हतं. मी तिच्याजवळ होते. बाळ हाती लागलं नाही. अण्णा सभेत म्हणाले की पुढाऱ्यांना आपली मतं दिसतात, माणसं दिसत नाहीत, तर यंदा मतंही दिसू द्यायची नाहीत. मला त्यात खोट काढता आली नाही. मीही हात वर केला.

बाबांनी केला नाही. घरी येऊन त्यांनी मतदानाला घालायचा कोट पेटीतून काढून वलणीवर वाऱ्याला टाकला. सदुसष्टपासून एकही मतदान चुकवलं नाही, आता पुलासाठी चुकवू का, असं विचारून जेवायला बसले. दादा, चारशे बारा मतदारांत आपली सात घरं. एकटे बाबा गेले तर उद्या माझ्या अंगणवाडीत पोरं कोण पाठवील? काय करावं ते लवकर लिही. वहिनींना आणि छोट्या तेजस्विनीला आठवण सांग. माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
रत्ना

—

ओतूर
७ नोव्हेंबर २०२४

चि. रत्नास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि मोटारीचं वाइंडिंग चुकवून बसलो. पहिली गोष्ट, घाबरू नकोस. दुसरी, म्हाताऱ्या मतदारांचं मत घरी येऊन घेतात असं ऐकलं आहे. तसं झालं तर ते टपाली मतांत जाईल, गावच्या यंत्रात दिसणारच नाही. ते जमत नसेल तर बाबांना एकोणीस तारखेला डोळे तपासायला म्हणून इकडे घेऊन ये. त्यांना दोन दिवस ठेवून घेतो. मतदान संपलं की सोडतो.

मतदानाची मला एवढी कसली असोशी नाही, असं तू म्हणशील. खरं आहे. बाबांना सांगणार नसशील तर लिहितो. मेमध्ये लोकसभेला मी गेलोच नाही. दुकानात दोन्ही बाजूंचे लोक येतात, दोघांनाही हो म्हणून ठेवलं होतं. आत गेलो तर एकाशी खोटा पडलो असतो, म्हणून दोघांशीही पडलो. बोटाला मार्करची रेघ ओढून दुकानात बसलो. तुझ्या इंद्रायणीवहिनीने ती पाहिली आणि चहाबरोबर भांडी घासायचा काथ्या आणून ठेवला.

इंद्रायणीचं बरं आहे. ती म्हणते, जो पायी दारात येतो आणि पाणी मागून पितो त्याला मत. गाडीतून हात हलवणाऱ्याला नाही. पंधरा वर्षांत तिचं मत कुणाला गेलं हे मला कळलेलं नाही.

प्रकृतीला जप. माझी माया पाठीशी आहेच.

तुझा,
नवनाथ

—

करंजखोरे
११ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
रत्नाचा जयभीम. वि. वि.

घरून मतदानाला पंच्याऐंशी वर्षं पूर्ण लागतात. बाबा एक्क्याऐंशीचे. मी सांगितलं तर म्हणाले, मग निवडणुकीला चार वर्सं थांबाया सांग. डोळ्यांच्या तपासणीचंही काढलं. त्यावर म्हणाले की नवनाथला कळव, डोळ्यांना कमी दिसतंय, पण त्याची चलाखी लांबून दिसली.

मात्र ते स्वतःही काळजीत आहेत, आणि कशाच्या, ते मला काल कळलं. मतदान केलं हे गावाला कळेल, याची त्यांना भीती नाही. बोट ते उघडं दाखवतील. पण यंत्रात एकच मत असलं तर ते कोणत्या चिन्हाला गेलं, हे मोजणीच्या दिवशी सगळ्यांना कळणार. आकडे केंद्रवार निघतात. बाबांनी आयुष्यात आपलं मत आईलाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी मग एक जुनी गोष्ट सांगितली. सयाजीअण्णांच्या वडिलांकडे ते कामाला होते, तेव्हा थोरले मालक गड्यांना बैलगाडीत घालून मतदानाला नेत आणि कोणत्या चित्रावर शिक्का मारायचा ते वाटेत सांगत. बाबा हो म्हणत, आणि आत जाऊन आपल्या मनाचं करत. ते म्हणाले, सगळं त्यांचं व्हतं, शेत, गाडी, बैलं. तेवढं पडद्यामागचं माझं व्हतं.

आता तेच घर सांगतं आहे की जाऊ नका. या वेळी कारण खरं आहे, म्हणून मला जास्त जड जातं.

बाबांनी मला सोबत ये म्हटलं. दोन मतं झाली की कुणाचं कोणतं ते कळत नाही. मी विचारलं, दोन्ही एकाच चिन्हाला पडली तर? मग आधी एकमेकांना सांगून वेगवेगळी द्यावी लागतील. ते म्हणाले, म्हंजे गुपित राखायला गुपित फोडायचं. आम्हाला दोघांनाही हसू आलं. दादा, मी त्यांना नाही म्हटलं आहे. अश्विनीचा हात मी त्या दिवशी धरला होता. मी मत टाकणार नाही.

तुझ्या सल्ल्याची वाट पाहते. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
रत्ना

—

ओतूर
१५ नोव्हेंबर २०२४

चि. रत्नास,
आशीर्वाद व जयभीम.

तू नाही म्हणालीस ते बरं केलंस. आता बाबांनाही थांबव. का, ते सांगतो.

काल अश्विनीचा नवरा सुदर्शन पाण्याची मोटार न्यायला दुकानात आला. बसला, चहा घेतला. मग म्हणाला, नवनाथभाऊ, तुमचं म्हातारं लई कायद्याचं हाय राव. मी हसण्यावारी नेलं. त्यावर त्याने हिशोब मांडला. शून्य मतं पडली तर पेपरवाले येतात, साहेब येतात, पूल का नाही हे विचारतात. एक जरी पडलं तर ते मतदान कमी झालेलं गाव होतं आणि कुणी फिरकत नाही. म्हणाला, माज्या पोराचा आकडा शून्य हाय भाऊ, त्याला एक करू नगा.

जाताना सहज म्हणावं तसं म्हणाला की आमच्या आळीतली सगळी पोरं रत्नाताईकडंच येतात, तशीच येत राहावीत. आवाज चढवला नाही. म्हणूनच मला रात्रभर झोप नाही.

बाबांची मतदार चिठ्ठी वाटायला तुझ्याकडेच आली असेल. ती आली नाही असं सांग. मी हे लिहू नये, पण लिहितो आहे. पत्र वाचून फाडून टाक, आणि मनात धरू नकोस.

तुझा,
नवनाथ

—

करंजखोरे
१९ नोव्हेंबर २०२४, संध्याकाळ

ती. दादास,
रत्नाचा जयभीम. वि. वि.

मतदानाची माणसं आणि यंत्र चार वाजता शाळेत पोहोचलं. पत्र सकाळच्या गाडीने जाईल, म्हणून घाईत लिहिते.

बाबांची चिठ्ठी मी दिली. तू लिहिलंस तसं करायला गेले होते. दोन दिवस ती हजेरीच्या वहीत दडवून ठेवली. त्यांनी मागितली नाही. त्यांना चिठ्ठीवाचून आधार कार्डावरही जाता आलं असतं, पण मग मीही थोरल्या मालकांच्या गाडीत बसले असते.

आज दुपारी पोरं घरी गेल्यावर अश्विनी आली. मला वाटलं शेजारच्या पोराचं खाऊचं पाकीट न्यायला आली असेल. तिने आपली चिठ्ठी मागितली. घरातल्या इतरांची देऊ का, म्हटलं. नको म्हणाली, माजीच दे. मी तिला म्हटलं, तुझ्याचसाठी तर गाव बहिष्काराला बसलंय. ती म्हणाली, माज्या बाळाच्या नावानं समद्यांनी ठरवलं ताई, पर मला कुणी ईचारलंच न्हाई. ओढ्यावर मी बोंबलत व्हते तवा पुरुष मंडळी गाडी कुठनं आणायची ते ठरवत व्हती. आत्ता बी तेच ठरवत्यात. मला कुणाला तरी पाडायचंय. घरी बसून कोण पडतंय?

मग तिने विचारलं की माझं मत कळेल का. खोटं कसं सांगू? म्हटलं, एकटी असलीस तर कळेल. दुसरं कोण आहे, असं तिने विचारलं. म्हटलं, एक म्हातारा माणूस. ती हसली. श्रावणानंतर तिला हसताना मी आज पाहिलं.

दादा, सुदर्शनचं म्हणणं खोटं नाही. शून्याला वजन आहे, आणि तो आकडा तोही त्याच दुःखाने मांडतो आहे. पण ज्या दुःखासाठी मी घरी बसणार होते, तेच चिठ्ठी कमरेला खोचून घरी गेलं. मी आता कुणाच्या बाजूने आहे, ते मला दुपारपासून कळत नाही.

उद्या असं होईल. बाबा सातला पहिले जातील. म्हणतात, लेकरानं पहिलं जाऊ नये, पहिल्याला लई डोळं लागतात. सयाजीअण्णा, सुदर्शन आणि गाव दिवसभर शाळेसमोर चावडीवर बसून बघणार आहेत. अश्विनी नऊनंतर निघेन म्हणाली आहे. तिला सासऱ्याच्या आणि नवऱ्याच्या समोरून तो रस्ता ओलांडायचा आहे. निघेल की नाही, सांगता येत नाही. घरात काय होईल, तेही सांगता येत नाही.

ती आली नाही तर मी टेबलावरच बसेन. मग बाबांचं मत एकटं पडेल, आणि तेवीस तारखेला ते कुणाला गेलं हे चहाच्या टपरीवरही कळेल. अकरा उमेदवारांची यादी शाळेच्या दारावर लावली आहे. मी आज ती प्रथमच नीट वाचली. आजवर घरात ठरायचं ते बटण मी दाबत आले, हे वाचताना लक्षात आलं. माझं अजून काही ठरलेलं नाही.

पण ती शाळेच्या पायरीपर्यंत आली, तर मी उठून तिच्या मागे उभी राहणार आहे. दोघींची का होईना, रांग होईल.

आमच्यासाठी जीव टांगून ठेवू नकोस, आणि आहे तेवढी माया उद्यानंतरही ठेव.

तुझी,
रत्ना