उरलेले एकशे तेरा भाग

ती. दादा,

वाकून नमस्कार. (कंबर सध्या निम्मीच वाकते, उरलेला नमस्कार समजून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की अजून तारीख पुढे ढकलणं चालू आहे? आणि डॉक्टरांनी बंद केलेली साखर तुम्ही खरोखर बंद केलीत, की फक्त वहिनींसमोर? इकडे मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, दुकान वेळेवर उघडतो.

मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "जावईबापू, वेळ कसा घालवता?" पस्तीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला याचं उत्तर तोंडपाठ हवं, पण "जातो आपला," म्हणून मी फोन ठेवला. खरं उत्तर लांबलचक आहे आणि फोनवर माझा आवाज मधेच दगा देतो, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

तुमच्या बहिणीचा विहिरींचा प्रोग्राम तुम्हाला ठाऊक आहे. विहिरींतल्या पाण्याची पातळी आणि पावसाचे आकडे त्याला द्यायचे, मग तो जमिनीखाली पाणी किती उरलंय आणि किती दिवस पुरेल ते सांगतो. अकरा वर्षं ती तो लिहीत होती, आणि लिहून कपाटात न ठेवता तिने तो सगळ्या जगासाठी उघडा ठेवला. कुणीही घ्या, आत डोकवा, चूक सापडली तर सुधारा आणि सुधारलेलं परत द्या. (मी म्हणालो होतो की माझं दुकान असं उघडं टाकलं तर संध्याकाळपर्यंत बसायचं स्टूलसुद्धा राहणार नाही. ती म्हणाली, "तुझ्या दुकानातून घड्याळ नेलं की तुझं एक कमी होतं. माझा प्रोग्राम नेला की एक वाढतो." वाद मीच जिंकला असं समजून मी जेवायला बसलो.) या वादापलीकडे मी त्या प्रोग्रामबद्दल तिला कधी काही विचारलं नाही, दादा. ती "जरा बघ ना," म्हणायची आणि मी "दुकान उघडायचंय," म्हणायचो. दुकान काय, कुठे पळून जाणार होतं?

ती गेल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, तिची ईमेल मी रोज सकाळी उघडतो. बहुतेक परिषदांची आमंत्रणं असतात. कामाची अशी एकच चिठ्ठी आली, दोन महिन्यांपूर्वी. असे उघडे प्रोग्राम म्हणे एका मोठ्या सामाईक यादीत असतात, आणि ती यादी जगभरचे हौशी लोक आपापल्या फावल्या वेळात सांभाळतात. त्यांतल्या एकाने लिहिलं होतं की हा प्रोग्राम जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो, आता सगळे नवीवर गेले आहेत. नवीवर तो बिल्ड होऊन चालला नाही, तर दोन महिन्यांनी येणाऱ्या तीस तारखेला यादीतून काढावा लागेल. सांभाळणारं कुणी आहे का? खाली नाव नव्हतं, नुसतं खारीचं चित्र होतं. बाई की बुवा ते आजतागायत मला कळलेलं नाही, म्हणून मी आपला आदराने 'माननीय खारूताई' असा मायना घालतो. मी उत्तर धाडलं, आहे.

बिल्ड म्हणजे काय ते मी त्यानंतर शोधलं. (क्रम उलटा झाला हे मान्य.) माणसाने लिहिलेला मजकूर यंत्र घेतं, त्याचे सुटे भाग तयार करतं, आणि ते जोडून चालता प्रोग्राम बनवतं. एवढं वाचलं आणि माझी छाती फुगली. सुटे भाग आणि जोडणी, म्हणजे आपल्याच धंद्यातली गोष्ट. चार दिवसांत उरकू असं मी आमच्या मुलीला, तुमच्या भाचीला, फोनवर सांगितलं. तिने नवा कॉम्प्युटर पाठवून दिला. हा इतका शांत आहे की चालू आहे की नाही ते कान लावून बघावं लागतं. तुमच्या बहिणीच्या जुन्या यंत्राचा पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीत कळायचं, ही कामाला बसली.

आता आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की उघडलेल्या घड्याळातलं काही म्हणजे काही टाकायचं नाही. निरुपयोगी वाटणारा कणसुद्धा ताटलीत क्रमाने मांडून ठेवायचा. त्या नियमाला धरून मी जुन्या यंत्रातलं सगळं जसंच्या तसं नव्यात आणलं. लिहिलेला मजकूर आणला आणि त्यासोबत तिने शेवटचं बिल्ड केलं तेव्हा तयार झालेले एकशे चौदा भागही आणले. मग खारूताईंनी सांगितलेली आज्ञा दिली. यंत्राने पापणी लवायच्या आत सांगितलं की सगळं तयार आहे, करण्यासारखं काही उरलेलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. खाली जाऊन शेजारच्या दुकानातल्या औषधवाल्याला सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला बिस्किटं वाटली, दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. औषधवाल्याने विचारलं, "पण काका, चालवून बघितलंत का?" वर येऊन चालवला. हा प्रोग्राम या सिस्टीमसाठी बनलेलाच नाही, असं उत्तर आलं. बिस्किटं परत मागायची सोय नव्हती.

खारूताईंना चार पानी पत्र लिहिलं. दोन ओळींत उत्तर आलं. जुने तयार भाग जुन्या सिस्टीमचे आहेत, नवीला त्यांचा काही उपयोग नाही. ते सगळे पुसा आणि मजकुरावरून नव्याने बिल्ड करा. पुसायची एक आज्ञा असते, एका शब्दाची. तो शब्द मी लिहिला आणि मग त्या भागांपुढच्या तारखा बघत बसलो. प्रत्येक भागापुढे तो कधी तयार झाला ती वेळ असते. सगळ्यांपुढे एकच मंगळवार होता, अकरा वाजून बारा मिनिटं. बुधवारी तिला आपण हॉस्पिटलात नेलं. त्या मंगळवारी अकरा वाजता मी दुकानात एका भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक नीट करत होतो, हे मला स्वच्छ आठवतं, आणि वर घरात ती शेवटचं बिल्ड करत होती हे मला माहीतही नव्हतं. मी तो शब्द एकेक अक्षर मागे जाऊन खोडला.

त्यानंतर मी टाळाटाळीचा कळस केला. पुसण्याच्या आधी इतर तयारी तर हवी, असं स्वतःला पटवलं. हा प्रोग्राम इतरांनी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांच्या मदतीवर चालतो, ते नव्या यंत्रावर आधी आणावे लागतात. हे प्रकरण लग्नाच्या आमंत्रणांसारखं निघालं. एकाला बोलवावं तर तो म्हणतो, माझे दोन मावसभाऊ आल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. मावसभावांना बोलवावं तर त्यांतल्या एकाला जुनीच वहिनी हवी, नवी चालत नाही, आणि दुसऱ्याला नवीच हवी. (दोघींना एका घरात वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता येतं, हे मला नवव्या दिवशी कळलं.) गणितं करणाऱ्या एका पाहुण्यासाठी मी दोन दिवस दारोदार फिरलो आणि शेवटी समजलं की तो पहिल्यापासून यंत्रातच बसलेला होता, त्याला कुणी हाक मारली नव्हती इतकंच. माझ्या नाकी नऊ आले, पण खोटं कशाला बोलू, आठ महिन्यांत इतके बरे दिवस गेले नव्हते. सकाळी उठल्यावर करायला काहीतरी होतं, आणि ते तिचं होतं.

सगळे पाहुणे येऊन बसले आणि निमित्त संपलं. तेव्हा मी एक चलाखी केली. मजकुराच्या एका पानात एक मोकळी ओळ वाढवली आणि बिल्डची आज्ञा दिली, की एवढ्याने यंत्र आपणहून काही करतंय का बघू. त्याने केलं. ज्या पानाला हात लावला होता, तेवढाच एक भाग त्याने नव्याने बनवला, उत्तम बनवला, आणि जुन्याच्या जागी ठेवला. त्याच्यापुढचा मंगळवार गेला आणि त्या दिवशीची तारीख आली. एकशे चौदाचे एकशे तेरा झाले, माझ्या हाताने. मी यंत्र बंद केलं आणि दोन दिवस त्या खोलीत गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी खारूताईंना सगळं खरं लिहिलं. आधी वाटलं होतं, हसतील. या वेळी उत्तर दोन ओळींपेक्षा लांब आलं. त्यांनी लिहिलं की सहा वर्षांपूर्वी आयुष्यातली पहिली दुरुस्ती त्यांनी याच प्रोग्रामला पाठवली होती. बाईंनी तिच्यात अकरा चुका दाखवल्या, प्रत्येकीचं कारण समजावून सांगितलं आणि खाली 'छान, पुन्हा पाठव' असं लिहिलं. ते भाग बाईंनी बनवलेले नाहीत, यंत्राने बनवले आहेत, असंही लिहिलं. बाईंनी लिहिला तो मजकूर, आणि तो कुणी पुसायला सांगत नाहीये. तरी वाटत असेल तर जुन्या भागांची नक्कल दुसरीकडे ठेवा. मी तीन नकला ठेवल्या, त्यांतली एक दुकानात, घड्याळांच्या काचा असतात त्या कप्प्यात.

तर दादा, शेवटी काल दुपारी जेवण झाल्यावर पुसायची आज्ञा दिली. मग बिल्ड केलं. झालं एकदाचं. प्रोग्राम नव्या सिस्टीमवर चालतो, यादीत राहील, खारूताई खूश आहेत. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. माझी काही काळजी करू नका.

वहिनींना नमस्कार, तुमच्या घरातल्या लहानग्यांना पाठीवर एकेक थाप (जोरात नको). इतकं लांबलचक वाचल्याबद्दल तुमच्या चष्म्याचे आभार.

आपला,
घड्याळवाला जावई

ता. क. गुडघ्याला औषधवाल्याने एक मलम सांगितलं आहे, सोबत पाठवतो. वास वाईट आहे. वहिनींचं आधी ऐकून घ्या आणि मग लावा.

ता. क. २. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढलं. वरचा शेवटून दुसरा परिच्छेद खोटा आहे. आज्ञा दिलेली नाही. काल दुपारी यंत्रापुढे बसलो होतो एवढंच खरं. शब्द लिहिलेला आहे, फक्त एक कळ दाबायची आहे. नकला तीन आहेत, मजकूर शाबूत आहे, खारूताईंचं म्हणणं अक्षरशः बरोबर आहे, आणि मी ते शहाण्या माणसासारखं दुसऱ्या कुणालाही समजावून सांगू शकतो. पण पुसून नवं बांधलं की प्रोग्राम तिच्याशिवाय चालायला लागेल. तो चालायला हवा, त्यासाठीच तर दोन महिने धडपडलो. तिला तेच हवं होतं. माझंच काहीतरी अजून त्या मंगळवारी अकरा वाजून बारा मिनिटांवर अडकलेलं आहे आणि ते मला एकट्याला सोडवता येत नाही.

ता. क. ३. म्हणून विनंती आहे. इकडे या. भाचीला सांगितलं तर ती बोलता बोलता कळ दाबून मोकळी होईल. तिलाही दुखतंय, पण तिचा हात चालतो. औषधवाला तर सोडाच, तो मला बाजूला सरकवून दाबेल. आमच्या लग्नात रजिस्टरवर सही करायला तुम्ही पाऊण तास लावला होतात. सगळे ताटकळले होते, आणि तुम्ही पेन हातात धरून नुसते तिच्याकडे बघत होतात. तेव्हा मला तुमचा राग आला होता. आता मला शेजारच्या खुर्चीवर तोच माणूस हवा आहे. तीस तारीख सोमवारी आहे. तुम्ही शनिवारी या, म्हणजे मधला एक दिवस हातात राहील.