तरंगणारा थेंब

बुधवार, ४ फेब्रुवारी

डेपोतल्या चालक-वाहक बंधू-भगिनींनो, आपल्याकडे जो येतो तो मागायलाच येतो! साहेबांना जादा फेरी हवी, प्रवाशांना सुटे हवेत, घरच्यांना आपला वेळ हवा. देणारे फक्त आपण. आणि आज मीही मागायलाच उभी आहे...

– ही आजच्या गेटसभेची सुरुवात. चार दिवस पाठ केली होती, पण बोलताना जागच्या जागी सुचल्यासारखी वाटली. तेवीस मिनिटं बोलले. रक्तदान शिबिर सत्तावीसला, कँटीनशेजारच्या हॉलमध्ये. लोकांनी ऐकलं. निदान कोणी बस सुरू केली नाही.

मग गॅरेजचे मिस्त्री उभे राहिले. हात तेलानं काळे, चेहरा अगदी भोळा. "ताई, सहज विचारतो. तुम्ही आजवर कितीदा दिलंत?"

तीस वर्षं मी रक्तदानावर बोलते आहे. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही. लोक खाटेवर असतात तेव्हा मी माइकवर असते – कामाची वाटणीच तशी पडली होती.

दुसरं कोणी असतं तर खोकून वेळ मारून नेली असती. मी म्हणाले, "या शिबिराची पहिली पिशवी माझी! नाही दिली, तर या डेपोत पुन्हा माइक हातात धरणार नाही."

एवढ्या टाळ्या मला उभ्या हयातीत मिळाल्या नव्हत्या. वेळनोंदीच्या टेबलावर परत येऊन बसेपर्यंत मी खूश होते. मग शंका आली – टाळ्या वाक्याच्या कुठल्या अर्ध्याला होत्या?

गुरुवार, ५ फेब्रुवारी

चारचौघांत फजिती नको म्हणून आधीच रक्तपेढीत जाऊन आले. कोणाला न सांगता, डोक्यावरून पदर घेऊन. पदराचा उपयोग झाला नाही. शिपाई म्हणाला, "या ताई, आज भाषण आहे का?"

तपासणारी मुलगी शांत स्वभावाची. बोटाला टोचलं, थेंब उचलला आणि एका निळ्या पाण्याच्या भांड्यात सोडला. मोरचुदाचं पाणी म्हणे. पंधरा सेकंदांत थेंब तळाला गेला तर रक्त पुरेसं जड, माणूस पास. तरंगला तर नापास.

माझा तरंगला. नुसता तरंगला नाही, वरच्या वर ऐटीत फिरला.

"हिमोग्लोबिन कमी आहे, ताई. वय?"

"दोन मार्चला साठ."

"मग सत्तावीसलाच काय ते. पहिल्यांदा देणाऱ्याचं साठीनंतर आम्ही घेत नाही."

तीस वर्षं लोक म्हणत आले, ताईंच्या शब्दाला वजन आहे. शब्दाला असेल. रक्ताला नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

रक्तपेढीच्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी खाणं विचारलं, झोप विचारली, शेवटी चहा विचारला.

"नऊ."

"आठवड्याला?"

"दिवसाला. सभा असली तर बारा."

"जेवणावर लगेच?"

"जेवणाबरोबर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जेवणाच्या आगेमागे चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तीस वर्षं मी ज्या चहाच्या जोरावर रक्त मागत होते, तोच माझं रक्त पातळ करत होता! पुस्तकांनी घर भरलं आहे माझं, आणि हे एका पुस्तकात सापडू नये.

गोळ्या दिल्या. पालक, बीट, खजूर, गूळ. चहा जेवणापासून दोन तास लांब, असं ते म्हणाले. मी म्हणाले, अजिबातच नको. मला अर्धवट काही जमत नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

चहा नाही. लिहिण्यासारखं काही नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

डोकं ठणकतं आहे. सकाळी पावणेआठच्या गाडीच्या चालकावर ओरडले – उशिरा आला म्हणून. तो वेळेवर आला होता. घड्याळ मी उलटं वाचत होते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

घरी भाषणाची तालीम. माझा श्रोता एकच, आमचे शिंपी. लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्याहून दीड वर्षानं लहान, तरी मी अहो-जाहोच करते, कारण ते कमी बोलतात. कमी बोलणाऱ्याला अरे-तुरे करायला धीर होत नाही.

ते भाषणावर मत देत नाहीत. मशीन चालवत राहतात. वाक्य पोकळ झालं की मशीनचा वेग वाढतो. वाक्य जमलं की क्षणभर पाय थांबतो. मी तीस वर्षं त्या पायाकडे बघून भाषणं दुरुस्त केली आहेत. हे सभेत कोणाला माहीत नाही.

आज "रक्त हीच माणसाची खरी ओळख" या वाक्याला एक अख्खी चादर शिवून झाली. वाक्य काढून टाकलं.

त्यांना रक्तदानाचं मी कधी म्हटलेलं नाही. लग्नानंतर एकदा धनुर्वाताची सुई घेताना त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. दिवसभर सुईशी खेळणारा माणूस, पण स्वतःच्या दंडात नको. तेव्हाच मी समजून घेतलं आणि तो विषय सोडला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पुन्हा रक्तपेढी. थेंब खाली निघाला, अर्ध्यावर थांबला, जरा विचार केला, वर आला.

"सुधारणा आहे," मुलगी म्हणाली.

"मत बदलतंय त्याचं," मी म्हणाले. दहा दिवस बाकी.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

कँटीनमध्ये आज अर्धा तास रांगेत. कारण मावशी! या बाई वाढायला उभ्या राहिल्या की रांग हलतच नाही. प्रत्येकाच्या ताटावर पळी धरून गप्पा. "आई कशी आहे रे? पाय बरा झाला का? आणि सत्तावीसला येतोस ना?" तो हो म्हणाला की मगच भाजी पडते.

मी म्हणाले, "मावशी, लोकांना ड्यूटी आहे."

"मलाही आहे, बाई," म्हणाल्या. "तुम्ही चहा सोडलात म्हणे? चेहरा उतरलाय. बीट वाढू का अजून?"

बीट आता स्वप्नातही येतं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

डेपोत पैजा लागल्या आहेत – माझा थेंब बुडतो की तरंगतो. मिस्त्रींनी माझ्या बाजूनं लावली आहे. "ताई, इंजिन जुनं आहे, पण ओढेल." याला मी कौतुक समजायचं ठरवलं आहे.

माइक गेला तर मी कोण, हा प्रश्न मात्र आज पहिल्यांदा पडला. वेळनोंदीची कारकून. खिडकीत बसून गाड्या किती वाजता सुटल्या ते लिहिणारी. तेवढ्यावर तीस वर्षं मला कोणी ताई म्हटलं असतं का?

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सकाळी नऊला रांगेत पहिली मी. निळ्या पाण्याचं भांडं टेबलावर, मागे निम्मा डेपो.

थेंब सोडला. खाली गेला. अर्ध्याच्याही खाली. तळाला बोटभर उरलं असताना तो थांबला – आणि सावकाश वर आला.

मागून मिस्त्रींचा आवाज, "ताई, पुन्हा एकदा स्टार्टर मारून बघा."

मुलीनं नियमाप्रमाणे पुन्हा एकदा केलं. पुन्हा तरंगला.

मी माइक घेतला. म्हणाले, "माझा थेंब तरंगला. ज्यांचा बुडेल त्यांनी द्यावं. माझं भाषण संपलं." माइक मिस्त्रींच्या हातात दिला. टाळी एकही नाही. लोक खाली बघत होते, आणि ते टाळ्यांपेक्षा जड गेलं.

अर्ध्या तासानं मावशी रक्त देऊन उठल्या, कोपराशी पट्टी. "बाई, नुसत्या उभ्या राहू नका. फॉर्म भरायला माणूस नाही."

बसले. एकेक नाव, वय, पत्ता. शेवटचा रकाना: शिबिराला येण्यास कोणी सांगितले? हा रकाना दर वर्षी असतो म्हणे. मी दर वर्षी मंचावर असते, मला कसा दिसणार.

पहिला वाहक म्हणाला, "कँटीनच्या मावशी." दुसरा, "मावशी." तिसऱ्याला मी जरा आठवण करून दिली – गेटसभा, चार तारीख, तेवीस मिनिटं... "हो हो, छान झालं होतं, ताई. पण लिहा, मावशी. त्यांनी नाव घेऊन विचारलं ना, मग नाही कसं म्हणायचं?"

तीन वाजेपर्यंत छत्तीस फॉर्म. मावशी चौतीस. फलक दोन. भाषण – शून्य.

डोकं दुखतं म्हणून निघून आले. खोटं नव्हतं.

संध्याकाळी घरी मशीन बंद. आमचे शिंपी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून खिडकीशी बसलेले, उकडत असताना. त्यांना कळलं असावं, म्हणून मशीन बंद ठेवलं असावं. जेवताना पाण्याचा तांब्या त्यांनी डाव्या हातानं उचलला. त्यांनाही तालीम नसल्याचं चुकल्यासारखं वाटलं असेल, असं मनाशी म्हणाले आणि भांडी घासली.

शनिवार, २८ फेब्रुवारी

मिस्त्री सकाळी माझ्या खिडकीशी आले. "ताई, तुम्ही तीनला गेलात. सदतिसावा साडेचारला आला. त्याचा रकाना बघा."

व्यवसाय: शिंपी. वय: अठ्ठावन्न. येण्यास कोणी सांगितले: भाषण.

सुट्टी टाकून घरी गेले. उजव्या कोपराशी पट्टी. म्हणाले, "थेंब पटकन बुडाला. डोळे मिटले होते, त्या मुलीनं सांगितलं."

मी विचारलं, इतक्या वर्षांनी कसे आलात?

"अगं, तीस वर्षं ऐकतोय. पटलं होतं केव्हाच. तू सगळ्या गावाला ये म्हणालीस, मला कधी विचारलंच नाहीस. एकदा विचारलं असतंस, तर पहिल्याच वर्षी आलो असतो."

मग मशीन सुरू केलं. मी चहा टाकला, जेवणाला अजून तीन तास होते.

माइक सोडला तो सोडला. सोमवारपासून दुपारी मावशींच्या शेजारी दुसरी पळी घेऊन उभी राहणार. पण डेपोतल्या बंधू-भगिनींनो, एक शेवटचं, या कागदावर, कोणाला ऐकू न जाता: आज घरी गेलात की समोर बसलेल्या माणसाला नावानं हाक मारा आणि विचारा – "पुढच्या वेळी माझ्याबरोबर येतोस का?"